लक्ष मेंदूकडे, धोका किडनीत

मेंदू, किडनी अशा अवयवांत गाठी करणाऱ्या ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचं निदान बहुतेकदा बाळाला येणाऱ्या आकड्यांमुळे होतं. मग घरच्यांची पुढची कित्येक वर्षं आकड्या आटोक्यात आणण्यात आणि मुलाच्या बोलण्या-शिकण्यातल्या अडचणी सोडवण्यात जातात. किडनीतल्या गाठी मात्र त्याच काळात वाढत असतात. त्या दुखत नाहीत, म्हणून कुणी विचारतही नाही. मोठ्या वयात या रुग्णांचा जीव जाण्याच्या प्रमुख कारणांमध्ये किडनीचे विकार येतात, हे फार कमी कुटुंबांना वेळेवर सांगितलं जातं.

साधारण 6,000 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. नवव्या गुणसूत्रावरचं टीएससी1 किंवा सोळाव्या गुणसूत्रावरचं टीएससी2, यांपैकी एका जनुकात दोष असतो. या दोन जनुकांची प्रथिनं मिळून पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर नावाच्या यंत्रणेला लगाम घालतात. जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की लगाम सुटतो आणि तिथे गाठ धरते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या आईवडिलांत हा दोष नसतोच, तो बाळातच नव्याने उद्भवतो. “आमचं काही चुकलं का?” असं विचारणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगायला हवं.

किडनीतल्या या गाठींना अँजिओमायोलिपोमा म्हणतात. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची ती सरमिसळ असते. सुमारे 80 टक्के रुग्णांत त्या कधी ना कधी दिसतात, बहुधा दोन्ही किडन्यांत आणि एकापेक्षा जास्त. या गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. त्यांच्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत असतात. गाठ वाढते तशा त्या जागोजागी फुगतात, आणि फुगवटा 5 मिलिमीटरच्या पुढे गेला की फुटण्याची भीती वाढते. तो फुटला तर कुशीत अचानक असह्य कळ येते, लघवीतून रक्त जातं, रक्तदाब झपाट्याने उतरतो. अशा वेळी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवून रक्त गळणारी वाहिनी आतूनच बंद करतात. सगळी किडनी काढून टाकणं शक्य तितकं टाळायचं असतं, कारण दुसऱ्या किडनीतही बहुधा गाठी असतात.

काही मुलांचा प्रश्न वेगळा असतो. टीएससी2ला अगदी खेटून पीकेडी1 हे जनुक आहे, त्यातल्या दोषाने किडनीत पाण्याच्या पिशव्या होतात. गुणसूत्राचा तुकडा गळताना दोन्ही जनुकं एकदम गेली, तर लहानपणापासूनच किडन्या अशा पिशव्यांनी भरतात, रक्तदाब चढतो आणि तरुणपणीच किडनी निकामी होऊ शकते.

गेल्या काही वर्षांत खरा फरक पडला तो औषधाने. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळालं, आणि सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते चिकाटीने पुढे नेलं. त्याच कुळातलं एव्हरोलिमस एमटॉरलाच आवर घालतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या 42 टक्के रुग्णांच्या गाठींचं आकारमान निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत असं एकाचंही झालं नाही. म्हणून 3 सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि वाढत असलेली गाठ त्रास देत नसली, तरी आता आधी औषधाचाच विचार होतो. या औषधाने तोंड येणं, जंतुसंसर्ग, कोलेस्टेरॉल वाढणं असे त्रास होतात. औषध थांबवलं तर गाठी बहुधा पुन्हा वाढू लागतात.

त्रास नसला तरी दर एक ते तीन वर्षांनी पोटाचा एमआरआय आणि दरवर्षी रक्तदाब व किडनीच्या कामाची तपासणी करायची असते. चरबी कमी असलेल्या गाठी सोनोग्राफीत निसटू शकतात. लहान मुलांच्या मेंदूचा एमआरआय भूल देऊन होणारच असेल, तर त्याच वेळी पोटाचाही करून घेता येईल का, हे आधीच विचारावं. भूल एकदाच द्यावी लागते.