सिनेमातला कुत्रा इतका शहाणा कसा झाला?

मे महिन्यात मुंबईची पोरं गावी येतात आणि पडवीतल्या मोत्याला ‘हँडशेक’ शिकवायला बसतात. मोत्या हात देत नाही. सिनेमातला कुत्रा मात्र दार उघडतो, गुंडाचं पिस्तूल पळवतो, पुरातून पोराला ओढून काढतो. हे खूळ बरंच जुनं आहे.

१९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ काढला. पळवून नेलेल्या तान्ह्या मुलीला कुत्रा शोधून काढतो, एवढीच गोष्ट. कुत्रा आणि मुलगी दोन्ही हेपवर्थच्या घरचीच. प्रिंट एवढ्या खपल्या की निगेटिव्ह झिजली आणि सिनेमा पुन्हा चित्रित करावा लागला, तोही दोनदा. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये एका अमेरिकन सैनिकाला सापडलेलं पिल्लू रिन टिन टिन या नावानं हॉलिवूडचा स्टार झालं. १९४३ च्या लॅसीची तर आणखी गंमत. गोष्टीत ती कुत्री, पडद्यावर पाल नावाचा नर!

हिंदीत १९७१ मध्ये ‘हाथी मेरे साथी’ आला. १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’त कुत्रा मालकाच्या खुनाचा सूड घेतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफी या कुत्र्यानं चिठ्ठी बरोबर हव्या त्या माणसाकडे नेऊन लग्नाचा घोळ सोडवला.

हे घडवायचं तंत्र साधं आहे. कॅमेऱ्यामागे ट्रेनर मुठीत खाऊ धरून उभा असतो. कुत्रा त्या मुठीकडे बघतो, आपण त्याला ‘मालकाच्या आठवणीने व्याकूळ’ म्हणतो. धावायला एक, भुंकायला दुसरा, असे सारखे दिसणारे दोन-तीन कुत्रे असतात. बाकीचं संकलक जुळवतो. आपल्याकडे २००१ च्या नियमांनुसार प्राण्यांची नोंदणी आणि परवानगी लागते, ते योग्यच. पण संगणकावर काढलेल्या कुत्र्याला दम लागत नाही, त्यामुळे अचाटपणा वाढतच चाललाय.

कोकणात याची झळ जनावरालाच बसते. पडद्यावरचा हस्की बघून कोणी तो किनाऱ्यावर आणून ठेवतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. समुद्राकाठच्या दमट हवेत लाळेचं बाष्पीभवन नीट होत नाही, त्यात बर्फासाठी बनलेली दुहेरी लव. पावसाळ्यात कानाला बुरशी, अंगाला गोचीड, ते वेगळंच.

आणि सिनेमातला कुत्रा बिबट्याला पळवून लावतो म्हणे! नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडच्या एका अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. तो घाटावरचा भाग, पण खाली कोकणातही बिबट्या पडवीतून कुत्रा उचलून नेतो, हे गावातल्या कुणालाही विचारा. जाणता गावठी कुत्रा वास आला की भुंकत घरात शिरतो आणि बाकाखाली बसतो. साखळीला बांधलेल्याला तेही जमत नाही, म्हणून रात्री त्याला आत घ्यावं.