तीन वीजवाहिन्या एकदम गेल्या तर?

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ केव्हीची (किलोव्होल्टची) एक वीजवाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. खाली वाढलेल्या झाडाला तार टेकली, एवढंच. तिचा भार शेजारणींवर गेला. तारा तापल्या की सैल पडून खाली येतात, त्यामुळे पुढच्या ३६ मिनिटांत आणखी दोन वाहिन्या झाडांना टेकून बंद पडल्या. सव्वाचारपर्यंत अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक विजेविना होते.

कुठलीही एक वाहिनी गेली तरी ग्रिड, म्हणजे वाहिन्यांचं सगळं जाळं, टिकलंच पाहिजे, हा जगभरचा नियम. तो तपासणं संगणकाला अवघड नाही: १०,००० वाहिन्या, तर १०,००० गणितं. पण दोन एकदम गेल्या तर? जोड्या होतात जवळपास ५ कोटी. आणि तीन गेल्या तर त्रिकुटं १६,६६१ कोटी! एका गणिताला एक मिलिसेकंद धरला (आणि हे फारच कमी धरणं झालं), तरी एकट्या प्रोसेसरला पाच वर्षांहून जास्त लागतील. सुदैवाने एका त्रिकुटाचं गणित दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. महासंगणकाच्या १०,००० कोअरमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या गणनाकेंद्रांमध्ये) ती वाटून दिली, की काम पाच तासांच्या आत उरकतं.

नुसत्या वेगाने मात्र भागत नाही. ओहायोतली सॅमिस-स्टार ही वाहिनी कुठल्याच झाडाला टेकली नव्हती. व्होल्टेज घसरलेलं आणि प्रवाह वाढलेला पाहून तिच्या रिलेला (बिघाड दिसताच वाहिनी तोडणाऱ्या संरक्षक यंत्राला) वाटलं, कुठेतरी फॉल्ट आहे; त्याने ती तोडली आणि तिथून पडझड आवरेना. म्हणजे गणितात रिलेचा स्वभावही हवा, आणि दर पडझडीनंतर सगळे प्रवाह नव्याने काढायला हवेत. म्हणून आधी ढोबळ, झटपट गणिताने निरुपद्रवी जोड्या-त्रिकुटं बाजूला काढतात. सखोल तपासणी उरलेल्यांचीच होते. खरी हुशारी या चाळणीतच आहे, असं मला वाटतं.

त्या दिवशी देखरेख करणाऱ्या संस्थेकडेही ग्रिडची स्थिती ताडणारी प्रणाली होती. एक बंद वाहिनी तिला कळलीच नाही, म्हणून दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उत्तरं बिघडली. दुरुस्ती झाली, पण दर पाच मिनिटांनी आपोआप चालण्याची सोय पुन्हा सुरू करायची राहून गेली. प्रणाली पूर्ववत झाली ४ वाजून ४ मिनिटांनी. सॅमिस-स्टार गेली ती त्यानंतरच्या दोन मिनिटांत.