खडकवासला धरण

खडकवासला धरण : पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यात मुठा नदीवर बांधलेले दगडी धरण. पुण्याच्या नैर्ऋत्येला, शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटरवर ते उभे आहे. बांधकाम 1869 मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षांत पुरे झाले. रॉयल इंजिनिअर्समधील अधिकारी फाइफ यांच्या आराखड्यावरून ते बांधले गेले, म्हणून जलाशयाला ‘लेक फाइफ’ असे नाव पडले. कागदोपत्री ते नाव बराच काळ चालले, पण लोकांच्या तोंडी धरण कायम खडकवासल्याचेच राहिले. पुण्याला आज जे पाणी मिळते त्यातील मोठा वाटा याच धरणातून येतो. दीडशे वर्षांच्या घरात पोचलेल्या या बांधाची सुरक्षितता म्हणूनच जलसंपदा खात्यापुरती उरत नाही, साऱ्या शहराचा तिच्याशी संबंध येतो.

धरण होण्यापूर्वी पुणे पेशवेकालीन कात्रजच्या तलावावर आणि नळावर, वाड्यांतल्या हौदांवर आणि आडांवर तहान भागवत असे. वाढत्या छावणीला आणि शहराला ते पुरेना, आणि पूर्वेकडचा दुष्काळी पट्टाही पाण्याविना होता. खडकवासल्याचे पाणी या दोन्हींसाठी होते: कालव्याने शेतीला आणि नळाने वस्तीला. शेती आणि शहर यांच्यात आजही चाललेली ओढाताण इथूनच सुरू होते. उजवा मुठा कालवा शहराच्या पोटातून जाऊन हवेली, दौंड, इंदापूरकडे वळतो, आणि उन्हाळ्यात ‘आवर्तन (कालव्यातून शेतीसाठी पाळीने सोडायचे पाणी) कधी सुटणार’ हा प्रश्न दौंडच्या बांधावर जितक्या तळमळीने विचारला जातो तितक्याच तळमळीने पुण्यात ‘पाणीकपात किती’ असे विचारले जाते.

धरणाची रचना त्या काळाची आहे. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा, पायापासून साधारण 33 मीटर उंचीचा हा बांध ओबडधोबड दगड आणि चुना यांनी रचलेला आहे. दगडी बांध पाण्याचा दाब स्वतःच्या वजनावर पेलतो. मात्र तळाशी झिरपणारे पाणी बांधाला खालून वर ढकलते आणि तेवढ्याने त्याचे वजन जणू हलके होते. धरणशास्त्रात याला उत्थापन दाब म्हणतात. फ्रान्समधील बूझे धरण 1895 मध्ये फुटले तेव्हा या दाबाकडे जगभर गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. खडकवासला त्याआधी सोळा वर्षे उभे राहिले होते. बांधकामाच्या ताकदीबद्दल शंका आली तेव्हा भिंतीला खालच्या अंगाने मातीचा रुंद भराव टेकवण्यात आला. शंका आली तेव्हा ती लपवली गेली नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

पुढे 1903 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर, आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. बांधाला धक्का न लावता पाण्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढवायची आणि पूर आला की दरवाजे आपोआप वाट करून देतील, अशी ती योजना होती. ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच कल्पना नंतर वापरली गेली.

धरणाच्या इतिहासातला मोठा दिवस 12 जुलै 1961. वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधून होत होते. कामे अपुरी असतानाच त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे व ते उचलण्याची यंत्रणा पुरी नव्हती. मोरीतून पाणी अनावर वेगाने वाहू लागले, तिला हादरे बसू लागले आणि तिच्यावरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूच्या पोत्यांवर पोती रचून माथा सावरून धरला. सकाळी धरण फुटले.

ते पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. भिंतीचा माथा बुडून पाणी वरून कोसळू लागले. असा भार पेलण्यासाठी हा बांध घडवलेलाच नव्हता, तरी तो काही तास टिकला आणि मग फुटला. पूर दिवसाउजेडी आला. त्या काही तासांत नदीकाठच्या पेठांतले लोक वाड्यांच्या माळ्यांवर, पर्वतीच्या टेकडीवर चढू शकले. तेच पाणी रात्री आले असते, किंवा जुना बांध पहिल्या धक्क्यालाच ढासळला असता, तर किती माणसे गेली असती याचा विचारही करवत नाही. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांनी पुरे केले. निसन हटमधले, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल घरांतले, पूरग्रस्तांचे संसार, लोकमान्यनगर आणि गोखलेनगरसारख्या वसाहती ही त्या दिवसाची शहरातली खूण आहे. धरण फुटल्यावर पुण्याचे नळ कोरडे पडले आणि विस्मरणात गेलेले आड व कात्रजचे हौद पुन्हा उघडले. खडकवासला नंतर दुरुस्त करून बांधून काढण्यात आले, पानशेतही नव्याने उभे राहिले.

या घटनेचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो. ‘जुने धरण फुटले’ असे म्हणतात तेव्हा वयाचा दोष मनात असतो. पण खडकवासल्याला त्याचे वय नडले नाही, वरच्या नव्या, अपुऱ्या धरणाचे पाणी नडले. जुन्या धरणाचे दुखणे पाहायचे तर त्याच्या भिंतीइतकेच त्याच्या पाठीमागचे पाणी आणि त्याच्या पुढची नदी पाहावी लागते.

पाठीमागे आज तीन धरणे आहेत. मुठेवर टेमघर (3.71 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), मोसे नदीवर वरसगाव (12.82 टीएमसी) आणि आंबीवर पानशेत (10.65 टीएमसी). यांच्या खाली खडकवासला, ज्याचा उपयुक्त साठा फक्त 1.97 टीएमसी आहे. चारही मिळून ‘खडकवासला साखळी’ 29.15 टीएमसीची. साखळीतला सर्वांत लहान आणि सर्वांत जुना दुवा सर्वांत खाली आहे, आणि वरच्यांनी सोडलेला प्रत्येक थेंब त्याच्यातूनच पुढे जातो. एक टीएमसी पाणी म्हणजे एक दिवसभर सुमारे 11,574 क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) प्रवाह. या हिशेबाने 35 हजार क्युसेकची आवक झाली तर रिकामे खडकवासला सोळा तासांच्या आत भरते, आणि पावसाळ्याच्या ऐन भरात ते रिकामे कधीच नसते. पूर अडवून धरण्याची ताकद त्याच्यात फारशी नाही. आलेले पाणी वेळेवर सोडणे हेच त्याचे काम, आणि त्यासाठी त्याला 11 दरवाजे आहेत.

25 जुलै 2024 रोजी पहाटे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. असा विसर्ग या नदीला नवा नव्हता. नदीची वाट मात्र अरुंद झालेली होती. पात्रात भराव पडले आहेत, निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचे पाणी पोचण्याच्या आखलेल्या हद्दीच्या, आत घरे उभी आहेत. धरणावर बसलेला अभियंता दरवाजा किती उघडायचा हे ठरवताना समोर एकाच वेळी जलाशयाची पातळी, वरसगाव-पानशेतचा विसर्ग, घाटमाथ्यावरचा पाऊस आणि शहरातल्या भिडे पुलाखालून जाणारे पाणी पाहत असतो. त्याने उशीर केला तर एकदम मोठा विसर्ग करावा लागतो, घाई केली तर जूनमध्ये मुश्किलीने साठलेले पाणी हातचे जाते.

भिंतीची निगा ही वेगळी गोष्ट आहे. चुन्याच्या बांधात पाझरणारे पाणी चुना हळूहळू विरघळवून बाहेर आणते. खालच्या बाजूला दगडांच्या सांध्यांतून पांढरे ओघळ दिसू लागले की आत कुठेतरी पोकळी वाढते आहे असे समजतात. पाझराचे पाणी लहान चारीत गोळा करून व्ही आकाराच्या खाचेवरून मोजले जाते. वाहणारे पाणी एक-दोन बोटे वर चढले तरी जाणत्याच्या कपाळावर आठी पडते, मातीच्या भरावाजवळ ते गढूळ झाले तर अधिकच. मोजमापात रोजची सलगता हवी, एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. उपाय म्हणजे भोके पाडून त्यांत दाबाने पातळ सिमेंट भरणे (ग्राउटिंग), सांधे पुन्हा भरणे, पाझराला निचऱ्याची वाट देणे.

पाझराला वयाचे बंधन नसते हे याच साखळीत दिसले. अगदी अलीकडे बांधलेल्या टेमघरला 2016 च्या सुमारास दर सेकंदाला दोन हजार लिटरहून जास्त गळती होती. तिथे मोठ्या प्रमाणावर ग्राउटिंग करून ती बहुतांशी आटोक्यात आणावी लागली. नीट बांधलेले जुने धरण दिवस काढते आणि नवे चटकन थकते, हे पुणेकरांनी एकाच खोऱ्यात पाहिले आहे.

धरणाचे आरोग्य तपासण्याची पद्धत महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा असते. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना यावर देखरेख ठेवते. 1967 च्या कोयना भूकंपानंतर भूकंपाचा भार हाही महाराष्ट्रातील धरणांच्या विचारात कायमचा आला. केंद्राच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांना स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, तरी घरे वाहून गेली आणि माणसे गेली. गावकऱ्याने पाहिलेला ओलावा कागदावर वेळेत उतरला नाही तर कोणताही आराखडा कामाचा नाही.

कालव्याचेही तसेच. 27 सप्टेंबर 2018 रोजी मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि परिसरातील शेकडो घरांत पाणी घुसले. पिण्याचे पाणी आता बरेचसे बंद जलवाहिनीतून पर्वतीच्या जलकेंद्राकडे जाते, पण शेतीचे आवर्तन आजही त्याच उघड्या कालव्याने, झोपड्यांच्या भिंतींना घासत पुढे जाते. कालव्याचा काठ कुठे खचला आहे, उंदरांनी कुठे बिळे पाडली आहेत हे त्या वस्तीतल्या बायकांना कालवा निरीक्षकाच्या आधी ठाऊक असते.

जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि नदी, धरणे व बंदरे यांवर संशोधन करणारे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र 1916 मध्ये स्थापन झाले; आज तेही खडकवासल्यातच आहे. धरणाजवळच्या चौपाटीवर पावसाळ्यात भाजलेली कणसे आणि कांदाभजी खायला पुणेकरांची गर्दी उसळते. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, नदीपात्रातील लोकांना काठावर येण्याची सूचना देतात. तेवढ्यात एक-दोन जण कठड्यावरून वाकून दरवाजाखालचा पांढरा फेस पाहत उभे असतात.