महादहशत, म्हणजे स्टालिनच्या रशियातलं 'सदतीस साल'

सोव्हिएत युनियनमध्ये १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारने आपल्याच लोकांची जी धरपकड आणि कत्तल केली तिला महादहशत म्हणतात. रशियात कुणी नुसतं 'सदतीस साल' म्हटलं तरी समोरच्याला कळतं, आणि गुप्त पोलिसांचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, तेव्हाचा प्रमुख निकोलाय येझोव्ह याच्या नावावरून 'येझोव्श्चिना' असंही म्हणतात. पण हुकूम वरून यायचे, स्टालिनकडून. सोव्हिएत दप्तरातलाच आकडा सांगतो की या दोन वर्षांत ६,८१,६९२ लोकांना राजकीय गुन्ह्याखाली गोळ्या घातल्या गेल्या, छळछावणीत किंवा चौकशीत मेले ते वेगळे.

बाहेरच्या जगाला दिसले ते मॉस्कोचे तीन जाहीर खटले. १९३६ मध्ये झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह, १९३७ मध्ये प्याताकोव्ह, १९३८ मध्ये बुखारिन, सगळे लेनिनचे जुने सहकारी, आणि कोर्टात उभं राहून आपण हेर आहोत, घातपाती आहोत असं स्वतःच कबूल करत होते. जून १९३७ मध्ये लष्करातला बडा सेनापती मार्शल तुखाचेव्स्की याला मारलं आणि मग लष्करातल्या अधिकाऱ्यांची रांगच लागली. १९३४ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनाला आलेल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली. म्हणून बरेच जण समजतात की हे पक्षातलं आपापसातलं भांडण होतं, तर तसं अजिबात नाही. मेलेल्यांत सगळ्यात जास्त होते ते साधे लोक, शेतकरी, कामगार, पाद्री, रेल्वेतले कारकून.

त्यांचा जीव घेतला तो एका कागदाने. ३० जुलै १९३७ ला येझोव्हने सही केलेला हुकूम क्रमांक ००४४७. त्यात प्रत्येक प्रांताला टार्गेट दिलेलं होतं, पहिल्या कॅटेगरीत किती (म्हणजे गोळी) आणि दुसऱ्या कॅटेगरीत किती (म्हणजे ८ ते १० वर्षं छावणी). मॉस्को प्रांताला पहिल्यात ५,०००, दुसऱ्यात ३०,०००. आधी आकडा आणि मग माणसं शोधायची, गुन्हा शेवटी लिहायचा! ओम्स्क प्रांताला पहिल्या कॅटेगरीत १,००० मिळाले होते, तर तिथला एनकेव्हीडी प्रमुख गोर्बाच याने ऑगस्टमध्येच मॉस्कोला कळवलं की पाच हजारांवर लोक पकडलेत, कोटा ८,००० करून द्या, आणि स्टालिनने त्या कागदावरच मंजुरी लिहून दिली. हा गोर्बाचही पुढच्या वर्षी आत गेला आणि १९३९ मध्ये मारला गेला.

शिक्षा द्यायची 'त्रोइका', तिघांची समिती: एनकेव्हीडीचा प्रमुख, पक्षाचा सेक्रेटरी आणि सरकारी वकील. आरोपीला समोर आणायचेच नाहीत, वकील नाही, अपील नाही, यादीत नाव आलं की काही मिनिटांत निकाल, एका बैठकीत शेकड्यांनी. या एका हुकुमाखालीच जवळपास ३,८७,००० लोक मारले गेले. शिवाय राष्ट्रीयत्वावरून वेगळी मोहीम चालली, त्यातली पोलिश लोकांविरुद्धची सगळ्यात भयंकर, १,११,०९१ ठार. शिक्षा द्यायच्या लोकांच्या, स्टालिनने स्वतः सह्या केलेल्या याद्याही आहेत, ३८३ याद्या, चाळीस हजारांवर नावं.

मॉस्कोच्या दक्षिणेला बुतोवो म्हणून जागा आहे, तिथे यंत्राने लांबलचक चर खणून ठेवलेले असायचे. ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ मध्ये तिथे वीस हजारांवर लोक मारले, आणि गोळी घालण्याआधी प्रत्येकाचा चेहरा तुरुंगात काढलेल्या फोटोशी ताडून बघायचे, कागदात चूक नको म्हणून.

घरच्यांना काहीच सांगायचे नाहीत. बायका तुरुंगाच्या खिडकीपुढे तासन्‌तास रांगेत उभ्या राहायच्या, हातात थोडे पैसे, खिडकीतून ते घेतले की समजायचं माणूस अजून इथे आहे. आणि परत केले तर? मग उत्तर मिळायचं 'पत्रव्यवहाराचा हक्क नसलेली दहा वर्षं', आणि याचा अर्थ बहुतेक वेळा माणूस आधीच मारलेला असायचा. बिचाऱ्या दहा वर्षं दिवस मोजत बसल्या. १९५५ नंतरसुद्धा खोट्या तारखेचे दाखले वाटले, कारण म्हणून न्यूमोनिया नाहीतर हृदयविकार.

यात आपलेही लोक गेले. सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ, क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय ऊर्फ 'चट्टो', लेनिनग्राडला मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करायचे, जुलै १९३७ मध्ये त्यांना उचललं आणि २ सप्टेंबरला गोळी घातली. त्याच वर्षी भारतीय कम्युनिस्ट अवनी मुखर्जीही मारले गेले. १९२१ मध्ये चट्टोंबरोबर मॉस्कोला गेलेल्या क्रांतिकारकांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, ते पुढे मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले म्हणून वाचले असंच मला वाटतं.

१७ नोव्हेंबर १९३८ च्या ठरावाने त्रोइका बंद झाल्या. सगळं खापर येझोव्हवर फुटलं, फेब्रुवारी १९४० मध्ये त्यालाही मारलं आणि स्टालिनशेजारच्या एका फोटोतून त्याला पुसून टाकलं.

मॉस्कोत लुब्यांकासमोर, म्हणजे गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर, १९९० मध्ये सोलोव्हेत्स्की बेटावरून (तिथे जुनी छळछावणी होती) आणलेला एक दगड बसवलाय. २००७ पासून तिथे दर २९ ऑक्टोबरला या बळींची नोंद ठेवणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेचे लोक सकाळपासून रात्रीपर्यंत नावं वाचायचे, नाव, वय, काम, गोळी घातल्याची तारीख, आणि थंडीत रांगेत उभा असलेला एखादा शेवटी हळूच स्वतःच्या आजोबांचं नावही घ्यायचा. २०२१ च्या डिसेंबरात रशियन कोर्टाने ती संस्थाच बंद करायचा हुकूम दिला.