पंपावर कार्ड दिलं की हजारो रुपये अडकतात?

‘पंपावर कार्ड वापरू नका, दोनशेचं पेट्रोल भरलं तरी हजारो रुपये ब्लॉक होतात’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अगदीच हवेतला नाही. पण तो प्रकार आपल्याकडचा नाही. अमेरिकेत गिऱ्हाईक आधी कार्ड लावतं, मग स्वतः पेट्रोल भरतं. किती भरणार हे ठाऊक नसल्यानं 175 डॉलरपर्यंत रक्कम रोखली जाऊ शकते. खरं बिल लागलं की उरलेली सुटते. सोलापुरात होटगी रोडला असो की अक्कलकोट रोडला, आधी मीटर थांबतो, मग पोरगा मशीनवर आकडा टाकतो. रक्कम ठरलेलीच, मग रोखायचं काय?

कार्डावर लागणारा अधिभार, म्हणजे जादा शुल्क, मात्र खरा. क्रेडिट कार्डावर साधारण 1 टक्का आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1000 रुपयांना 11 रुपये 80 पैसे. तो बँक लावते. पावतीवर बहुधा दिसत नाही, म्हणून संशय बिचाऱ्या पंपवाल्यावर. पावती आणि महिन्याचं स्टेटमेंट शेजारी ठेवून बघा, रकमेत फरक दिसेल किंवा वेगळी ओळ सापडेल. पुष्कळ कार्डांवर त्यातले 10 रुपये परत येतात, जीएसटी सहसा नाही. दोनशेचं भरणाऱ्याला तेही बहुधा मिळत नाहीत, कारण सवलतीला किमान रकमेची अट असते.