टुरिस्ट व्हिसा, अमेरिकेतलं लग्न आणि ग्रीन कार्ड: पार्श्वभूमी

टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या माणसाने तिथल्या नागरिकाशी लग्न केलं, तर भारतात न परतता ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. पूर्वी असं नव्हतं. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंच नागरिकत्व जायचं. १९२२ मध्ये हा नियम सैल झाला, पण नवरा आशियाई असेल तर १९३१ पर्यंत ते जातच राहिलं. अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं होतं, त्यामुळे भारतीयांच्या बायकाही त्यात भरडल्या गेल्या.

१९३५ पासून अर्जाची तपासणी अमेरिकेतच होऊ लागली, मात्र व्हिसासाठी कॅनडात जाऊन परत यावं लागे. ही फेरी १९५२ च्या कायद्यातील कलम २४५ ने टळली. पुढे १९६० मध्ये देशात शिरताना तपासणी होऊन रीतसर प्रवेश मिळालेला असणं पुरेसं ठरलं. म्हणूनच आजही मुक्कामाची मुदत उलटून गेलेली व्यक्ती, जोडीदार नागरिक असेल, तर सहसा अपात्र ठरत नाही.

खरं वळण १९८६ चं. लग्नाच्या नावाखाली फसवणूक होते, या ओरडीतून कायदा झाला: लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, आणि अट काढायला दोघांची सही. त्या वेळी सांगितलेला ३० टक्के बनावट लग्नांचा आकडा पुढे भरवशाचा नसल्याचं उघड झालं. पण सहीची ताकद नवऱ्याच्या हाती गेली ती गेलीच. मारहाण सोसणाऱ्या बायकांवर हा सरळसरळ अन्याय होता. त्यांना नवऱ्याच्या सहीशिवाय अट काढायची वाट १९९० मध्ये मिळाली, आणि एरवी नवऱ्याने करायचा मूळ अर्ज स्वतः करण्याचा हक्क १९९४ मध्ये.

राहिला हेतूचा प्रश्न. विमानतळावर ‘फिरायला आलोय’ म्हणताना मनात लग्न करून राहायचं असेल, तर ती खोटी माहिती ठरते. २०१७ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियमानुसार, आल्यावर ९० दिवसांच्या आत लग्न करून तिथेच राहिल्यास तसा संशय धरता येतो. आपल्याकडे अनेकांना वाटतं की ९१ व्या दिवशी सगळं सुरक्षित. तसं नाही. हा नियम वकिलातींसाठी आहे. ग्रीन कार्डचा अर्ज तपासणारं खातं त्याला बांधील नाही, ते प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहतं. मुलाखतीत घराचा भाडेकरार, बँकेतलं जोड खातं, लग्नाआधीचे मेसेज काढायला लावतात.

आणि अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगी न घेता भारतात आलात, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. त्याआधी १८० दिवसांहून जास्त बेकायदा मुक्काम झाला असेल, तर १९९६ च्या कायद्याने तीन वर्षं परत जाता येत नाही. वर्ष किंवा जास्त झालं असेल, तर दहा.