आतड्याची सूज, कॅन्सर आणि जीन टेस्ट

आमच्या खारघरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या जीन टेस्टच्या ऑफर फिरतायत, थुंकी द्या आणि कोणता कॅन्सर होणार ते जाणून घ्या टाइप. टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अॅक्ट्रेक इथेच असल्यामुळे कॅन्सरचा विषय इकडे कुणालाच नवा नाही. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अशा टेस्टवर मी तरी पैसे घालणार नाही, का ते सांगतो.

कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी जमतात आणि कॅन्सरचा सुजेशी संबंध असावा, असं जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ फिर्खोने १८६३ मध्येच म्हटलं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मोठं आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं आणि त्या पेशंटना या कॅन्सरचा धोका जास्त असतो. होतं असं की सूज आली की आयएल-६ सारखी प्रोटीनं सुटतात, ती आतड्याच्या अस्तरात स्टॅट-३ नावाचं, पेशींना वाढायला सांगणारं प्रोटीन चालू करतात, आणि ते चालूच राहिलं की पेशी मरायच्या सोडून वाढत बसतात, वर कॉक्स-२ एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन हे सूज वाढवणारं रसायन बनवून आगीत तेल ओततं.

आता आयएल-६ च्या जीनलगत एका ठिकाणी कुणाकडे डीएनएचं जी अक्षर असतं, कुणाकडे सी. त्यावरून कॅन्सर किती वेगाने पसरेल ते कळेल का, यावर ढीगभर अभ्यास झाले, टीएनएफ आणि आयएल-१० या सुजेशी संबंधित दुसऱ्या प्रोटीनांच्या जीनवर पण झाले, आणि निकाल एकमेकांशी जुळतच नाहीत! एका गटात फरक दिसतो, दुसऱ्यात गायब. एकट्या अक्षराचा परिणाम असतोच इतकासा, त्यात वय, वजन, सिगरेट, कॅन्सरची स्टेज हे सगळं मिसळलेलं.

जास्त कामाचे निघाले ते जन्मजात नसलेले, गाठीतच नंतर झालेले जीनमधले बदल. स्वीडन आणि शेजारच्या देशांत एक ट्रायल झाली, निकाल २०२५ मध्ये आला. ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए नावाचा जीन बिघडला होता त्यांना ऑपरेशननंतर ३ वर्षं रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं, तर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. साधी जुनी सूज उतरवणारी गोळी! अर्थात तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरच ठरवणार. आणि हा बदल थुंकीत सापडत नाही, काढलेल्या गाठीचा तुकडाच तपासावा लागतो.

जन्मजात जीन बघायला हवा तो लिंच सिंड्रोम या घराण्यात चालणाऱ्या दोषासाठी, म्हणजे घरात दोन-तीन जणांना आणि तेही पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर. त्यात डीएनए दुरुस्त करणारे जीनच बिघडलेले असतात, म्हणून त्या लोकांची कोलोनोस्कोपी तरुणपणीच सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करत राहतात.